झेलणारीचा रिलीवर

४ जानेवारी

कौशल्या, हे वाचायले बसशील तेव्हा आधी चष्मा शोधशील, मग तो डोक्यावर सापडेल, अन् तोवर आपण काय वाचायले बसलो होतो तेच विसरलेली असशील. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून ठेवते. मी तुझी माय, भीमाबाई. भिलाईले राहते, सेक्टर पाचच्या क्वार्टरात. तुझी पोट्टी आम्रपाली माझ्यापाशी राहते. ती तुझीच आहे. मले चांगलं आठवते, दवाखान्यात मी होती.

तुले फोनवर सांगून काही फायदा नाही. मी इकडून बोलते, तू नागपूरहून 'हो माय, हो माय' करते, अन् मागं टीव्हीत कोणाची तरी सासू रडत असते. मागच्या साली मेथीचे लाडू नको म्हटलं तर तू मेथीचेच पाठवले, अन् डबा पण मोठा. म्हणून आता डायरी. मी बोलते, आम्रपाली लिहिते. दिवाळीले येशील तेव्हा सगळी एकदम वाच. मले अक्षर येत नाही, अन् पोट्टी माझ्या 'पानी'चं 'पाणी' करून लिहिते म्हणे. करू दे. कॉलेजचा काही तरी उपयोग झाला पाहिजे.

आता बेसबॉल. मागं समजावलं होतं, परत ऐक. एक पोट्टी बॉल फेकते. समोरची दांडक्यानं मारते. अन् मारणारीच्या मागं एक पोट्टी उकिडवी बसून राहते, तोंडावर जाळी, छातीवर गादी, पायाले ढाली. मारणारीचं हुकलं की बॉल हिनं झेलायचा. हिले कॅचर म्हणतात. ही तुझी पोट्टी. तुझी पोट्टी म्हणते, "आजी, पूर्ण खेळ मागून मीच चालवते." मी म्हटलं, हो बाई, घर पण मागूनच चालते, फोटो पुढच्याचा निघते.

यंदापासून यांची लीग निघाली, पगारी. हथखोजचा एक नटबोल्टवाला शेठ टीमचा मालक झाला. नाव ठेवलं स्टील क्वीन्स. राण्या म्हणे. राण्या धुळीत उकिडव्या बसतात हे मले या वयात समजलं.

आज त्यांचे कोच शेषराव सर चहाले आले होते. बशीत ओतून प्याले अन् म्हणाले, "आजी, बाकी काही असो, आपली कॅचिंगची डेप्थ मजबूत आहे."

"डेप्थ म्हणजे?"

आम्रपाली म्हणाली, "खोली, आजी."

"किती खोल्या?"

"तीन," सर म्हणाले. "आम्रपाली, मग भिलाई-३ ची गीतांजली, मग मालकाची भाची उत्कर्षा."

तीन खोल्या. आमच्या क्वार्टरले दोनच आहेत, त्यातली एक गळते. मी म्हटलं, या तिन्ही खोल्या एकदा पाहून येईन. घर पाहिल्याशिवाय चांगलं म्हणायची मले सवय नाही.

तू पण एक गोष्ट विसरली नसशील, कारण ती तू विसरत नाहीस: हा एक सीझन. पोट्टी पहिल्या नंबरची कॅचर म्हणून खेळली तर ठीक, नाही तर नागपूरले वापस, बँकेची परीक्षा अन् वर्ध्याचा तो पोरगा. हे तू तिले फोनवर सांगितलं तेव्हा टीव्ही बंद होता. तिनं मले सांगितलं.


७ जानेवारी

तुझ्या पोट्टीले पगार काय लागला, बाईसाहेब झाली. आता खाली बसून जेवत नाही. ताट घेते अन् खुर्चीत बसते. तुझ्या बाबाची ती लोखंडी पाइपची खुर्ची, जिच्यावर ते मेल्यावर कोणी बसत नव्हतं, ती झटकून घेतली. मी म्हटलं, "मॅडम, टेबल पण बोलावू का?" तर हसली.

विहारात वंदनेले सगळे खाली बसले, ही मागं भिंतीले टेकून उभी. मी घरी येऊन म्हटलं, भगवान बुद्ध खाली बसले, बाबासाहेब खाली बसले, तुलेच कावून उभं राहायचं होतं? म्हणे, "आजी, पॅन्ट टाईट होती."

हद्द म्हणजे, शेजारच्या मथुराबाईनं मागं विलायती संडास बसवला, आता ही सकाळी तिथं जाते. घरचा संडास मॅडमले चालत नाही. मथुराबाई म्हणाली, "पोट्टी लय सभ्य आहे, जातांनी विचारून जाते." मी म्हटलं, राणी आहे बाई, वर्दी देऊनच येणार.

पूर्ण खेळ उकिडवं बसायचा, अन् घरी उकिडवं बसायची लाज. तूच सांग.

इथं पोट्टी लिहिता लिहिता थांबली. कावून थांबली विचारलं तर म्हणे पेन अडलं.


११ जानेवारी

आज खोल्या पाहून आली. आम्रपालीनं मले स्कूटरच्या मागं बसवून ग्राउंडवर नेलं. स्कूटर चालवतांनी एक पाय समोर लांब सोडून बसते. मी म्हटलं, सिनेमातला हिरो पण असाच बसते.

तिसऱ्या नंबरच्या खोलीपासून सांगते. उत्कर्षा. शेठची भाची. गोरी, गोड, बोलायले चांगली. तिच्या पायाच्या ढालींवरचं प्लास्टिक अजून निघालं नाही. मी विचारलं, "बेटा, हे काढत कावून नाही?" म्हणे, "आजी, स्क्रॅच आता है." म्हणजे या खोलीचा अजून गृहप्रवेशच झाला नाही, अन् सर हिले खोली म्हणून मोजून राहिले.

दुसरी गीतांजली. बाप रेल्वेत, भिलाई-३ ले. बारीक, चपळ, खारीसारखी. बॉल फेकणारीसोबत एकटी असली तर एक बॉल सुटत नाही. पण मधे दांडकेवाली येऊन उभी राहिली अन् तिनं दांडकं फिरवलं, की हिचे डोळे मिटतात. गपकन. अन् बॉल जाते मागं जाळीपर्यंत, अन् ही जाते बॉलच्या मागं. सर ओरडतात, "आंख खोल." ती म्हणते, "सर, अपने आप बंद होती है." सर पुन्हा ओरडतात. त्यांचं शिकवणं तेवढंच आहे, आवाज चांगला आहे.

अन् पहिली तुझी पोट्टी. खोटं कशाले बोलू, पोट्टी बसली की ग्राउंड तिच्याकडे तोंड करून उभं राहते. दोन मांड्यांच्या मधे बोटं लपवून फेकणारीले इशारे करते, कोणता बॉल टाक म्हणून. पण उकिडवी नाही बसत. एक गुडघा जमिनीले टेकवते अन् दुसरा पाय बाजूले लांब पसरते. राजापुढं सरदार बसते तसा. मी सरले विचारलं, हे काय?

सर खुश होऊन म्हणाले, "आजी, ही नवी स्टाईल. अमेरिकेतले मोठमोठे कॅचर आता असेच बसतात. आम्रपालीनं स्वतःहून उचलली. दिवाळीपासून."

म्हटलं वा. नाकावरची माशी न उठवणारे शेषराव सर अन् त्यांच्या टीमात अमेरिका.

येतांनी एक गोष्ट ऐकून जीवाले बरं वाटलं. सर कोणाले तरी फोनवर सांगत होते, "रिलीवरची चिंता नाही, तीन रिलीवर घेतले." कौशल्या, रिलीवर आठवते ना? नाही आठवत. ऐक. स्टील प्लांटमधे शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडता येत नव्हती. त्या माणसाले रिलीवर म्हणत. तो नाही आला तर दुसरी शिफ्ट पण तूच कर. तू फ्रॉकमधे दारात बसून विचारायची, "बाबा कावून नाही आले?" अन् मी सांगायची, रिलीवर नाही आला. तुले वाटायचं रिलीवर म्हणजे कोणी वाईट माणूस आहे. एकदा बाजारात एका मिशीवाल्याले पाहून म्हणाली होती, "माय, हा रिलीवर आहे का?"

तर तुझ्या पोट्टीले तीन रिलीवर आहेत. तुझ्या बापाले एक धड मिळाला नाही.


१६ जानेवारी

आज गीतांजली घरी आली. बसनं आली, हातात बिस्किटाचा पुडा. मी तिले खाली चटईवर बसवलं, मॅडम खुर्चीवर होत्याच.

"दीदी, एक बात पूछू? तुमची आँख कशी नाही बंद होत?"

"सवय आहे."

"मले पण सवय लावून दे ना. सर फक्त ओरडतात."

"प्रॅक्टिस कर. होऊन जाईल."

"दीदी, काही तरी ट्रिक असेल."

"ट्रिक-बिक काही नसते, गीता. बसची वेळ झाली तुझी."

बसची वेळ झाली नव्हती. बस तर आमच्या कोपऱ्यावरून एकीमागं एक येतात. पोट्टी उठली, माझ्या पाया पडली, बिस्किटाचा पुडा ठेवून गेली. मी आम्रपालीकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, जणू बाहेर पहिल्यांदाच जांभळाचं झाड उगवलं.

मी म्हटलं, "ट्रिक नसते?"

म्हणे, "आजी, लीगमधे एकच कॅचर खेळते. बाकीच्या टाळ्या वाजवतात."

हे बोलणं मी आधी ऐकलं आहे. कौशल्या, तुझे बाबा, जानराव, प्लांटमधे कोक ओव्हनले होते. कोळसा भाजायच्या भट्ट्यांची लांब रांग, तिले बॅटरी म्हणतात. भट्टीचं दार नीट बसलं की नाही हे जानरावले आवाजावरून समजे. दुसऱ्या कोणाले नाही समजे. जुनियर पोरं विचारत, काका, कसं ओळखता? तर म्हणत, "सवय आहे." अन् घरी येऊन मले सांगत, "भीमा, मी एक दिवस नाही गेलो तर बॅटरी बसून जाईल."

रिटायर झाले. हार घातले, शाल दिली, घड्याळ दिलं, जे दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या वेळेले सायकल काढून निघाले. कुठं म्हटलं तर म्हणे, हवा खायले. प्लांटच्या गेटपाशी जाऊन उभे राहिले. चिमण्यांतून धूर निघतच होता. बॅटरी चालू होती.

वापस आले, चहा पिला, अन् म्हणाले, "चहा पातळ झाला."

चहा पातळ नव्हता. साखर-पत्ती मीच टाकली होती.

आम्रपाली म्हणते, "आजी, गंमत पाह्य, आमच्या खेळात पण बॉल फेकणारी अन् झेलणारी, दोघींच्या जोडीले बॅटरी म्हणतात." मी म्हटलं, मग तुझ्या आजोबाची नातच आहे तू. तिले वाटलं मी तारीफ केली.


२१ जानेवारी

आज दुर्गच्या टीमसोबत प्रॅक्टिस मॅच होती. मी घरून सतरंजी घेऊन गेली. शेठ पण आले होते, पांढऱ्या बुटात.

बराच वेळ ठीक चाललं. मग दुर्गवालीनं बॉल उडवला अन् त्यांची एक पोट्टी पळत पळत आपल्या आम्रपालीकडे आली. अशा वेळी झेलणारीनं उठून बॉल घेऊन तिले शिवायचं असते, एवढं मले आता समजते. बॉल आला. आम्रपालीनं घेतला. पण उठली नाही. तशीच एक गुडघा टेकून, सरदारासारखी. हात जमिनीले टेकवला, उठायले गेली, अन् परत बसली. दुर्गवाली बाजूनं चालत चालत गेली, पळायची गरजच नव्हती.

सगळे ओरडले. मी नाही ओरडली. मी तिचा चेहरा पाहिला, जाळीतून. विहारात भिंतीले टेकून उभी होती ना, तोच चेहरा. पॅन्ट टाईट होती म्हणे.

मी सतरंजीवरून उठून सरळ शेषराव सरपाशी गेली.

"सर, पोट्टीले उठवा अन् रिलीवर पाठवा."

"कोणता रिलीवर, आजी?"

"तीन आहेत म्हणून तुम्हीच सांगत होते. का तिघी सुट्टीवर आहेत?"

सर हसले, शेठ पण हसले, पांढरे बूट पण हसले असतील. सर म्हणाले, "आजी, रिलीवर पिचरले असते. फेकून फेकून हात थकला की तिच्या जागी दुसरी येते, तिले रिलीवर म्हणतात."

"अन् झेलणारी?"

"ती बसते."

"कुठवर?"

"मॅच संपेपर्यंत."

मी म्हटलं, "वा रे खेळ. टाकणारीले तीन-तीन रिलीवर, झेलणारीले एक नाही. मले वाटलं विदेशी खेळ आहे. हा तर आमच्याच घरचा निघाला."

आता कोणी हसलं नाही. शेठनं सरले विचारलं, "डेप्थ आहे म्हणत होते ना तुम्ही?" सरनं गीतांजलीले बसवलं. तिनं डोळे मिटले. मग उत्कर्षाले बसवलं. तिनं आधी विचारलं, "बैठना जरूरी है क्या?" झालं, तिन्ही खोल्या पाहून झाल्या. शेठ गाडीत बसून गेले.

हे मी मथुराबाईच्या सुनेकडून लिहून घेतलं आहे. आम्रपाली आतल्या खोलीत झोपली आहे, म्हणजे डोळे मिटून पडली आहे.


२३ जानेवारी

आज लिहिणारीची रिलीवर आली. गीतांजली. बघायले आली होती, मी तिच्या हातात पेन दिलं. ती म्हणते, "आजी, मराठी मी घरात बोलते, लिहायची आदत नाही." मी म्हटलं, मले तर वाचायची पण नाही, चूक कोण पकडणार?

डॉक्टरकडे जाऊन आलो. गुडघ्याच्या आतली गादी फाटली आहे. या सीझनले उकिडवं बसणं बंद. इलाज झाल्यावर पाहू म्हणाले. डॉक्टरचं 'पाहू' अन् आमच्या सोसायटीचं 'पाहू', दोन्ही मले माहीत आहेत.

दिवाळीपासून दुखत होतं. म्हणून खुर्ची, म्हणून मथुराबाईचा संडास, म्हणून तो लांब सोडलेला पाय, म्हणून अमेरिका. मी पंधरा दिवस घरात तिले मॅडम मॅडम करत होती अन् ती ते लिहून घेत होती. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तुले सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते थोडाच आहे. चांगला मोठा आहे.

मी विचारलं, कावून नाही सांगितलं? म्हणे, "तुले सांगितलं तर तू मायले सांगशील. माय म्हणेल, चल नागपूरले." तर कौशल्या, तुझ्या भ्यानं पोट्टीनं गुडघा फाडून घेतला, अन् तुले वाटते ती कोणाले भीत नाही.

गीतांजली, हे सगळं लिहितेस ना? लिही. आता पुढचं पण लिही. आम्रपालीले माहीत आहे तुझे डोळे कावून मिटतात. तिनं तुले सांगितलं नाही. तिच्या आजोबाले पण माहीत होतं भट्टीचं दार कसं वाजते. त्यांनी पण कोणाले नाही सांगितलं. त्यांची बॅटरी त्यांच्याशिवाय चालली, अन् ते उरलेल्या जिंदगीभर पातळ चहा प्याले.

इथं गीतांजलीचं पेन थांबलं. पेन अडलं का म्हटलं, तर नाही म्हणे, अडलं नाही.

आतल्या खोलीतून आवाज आला. "गीता."

"हाँ दीदी."

"तू बॅटकडे पाहते."

"क्या?"

"दांडकं फिरलं की तुझी नजर दांडक्यावर जाते. डोळ्याले वाटते ते आपल्याले लागेल, म्हणून मिटते. दांडक्याकडे पाहायचंच नाही. बॉल फेकणारीच्या बोटातून सुटल्यापासून बॉलच पाहायचा. समोर कोणी दांडकं फिरवो नाही तर झाडू."

गीतांजलीनं हे पण लिहून घेतलं. मग आतून परत आवाज आला, जरा चिडका. "अन् बिस्किट मारी नको आणत जाऊ. मले आवडत नाही."


२९ जानेवारी

आमच्या अंगणात सध्या लीग चालू आहे. आम्रपाली बाबाच्या खुर्चीवर बसून, पाय विटांवर ठेवून, बॉल फेकते. गीतांजली कपडे धुवायच्या दगडापाशी उकिडवी बसते. मधे मी उभी राहते अन् झाडू फिरवते. माझं वय काय, माझं काम काय. मथुराबाई भिंतीवरून पाहते अन् म्हणते, "भीमाबाई, तुमी पण टीमात?" मी म्हटलं, मी चौथी खोली आहे.

पहिल्या दिवशी गीतांजलीनं दर वेळी डोळे मिटले. "झाडू पाहू नको," आम्रपाली ओरडे. "आजी, जोरात फिरव." मी जोरात फिरवला, एक गेंद्याच्या फुलांची कुंडी गेली. काल तिचे डोळे अर्धे उघडे राहिले, कोंबडी झोपते तशी. आज सकाळी मी झाडू फिरवला, तिच्या नाकापुढून काड्या उडाल्या, अन् ती टक लावून पाहत होती. बॉल हातमोज्यात गेला, थपकन.

"दिखा," ती म्हणाली. "दीदी, सुटला तिथपासून दिखा."

आम्रपालीनं दुसरा बॉल हातात घेतला होता. तो तिनं बराच वेळ फेकला नाही. मग म्हणाली, "परत. आता आजी, डावीकडून."

मी डावीकडून फिरवला. माझा खांदा उतरला आहे, पण माझ्या रिलीवरची गोष्ट काढायची नाही असं मी ठरवलं आहे.


८ फेब्रुवारी

काल पहिली मॅच झाली. पहिल्या नंबरवर गीतांजली. आम्रपालीचं नाव शेषराव सरनं 'कॅचिंग कोच, या सीझनपुरती' म्हणून लिहिलं. शेठ आधी नाही म्हणत होते. मग सरनं त्यांले समजावलं की ही गेली तर तुमच्या दोन खोल्यांचं छप्पर जाईल. सर पहिल्यांदा ओरडल्याशिवाय बोलले असं ऐकलं.

आम्रपालीनं जायचं की नाही ते सकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. मग वेळ झाली अन् स्कूटर काढायले गेली. कुठं म्हटलं तर म्हणे, "हवा खायले." मी पण मागं बसली, हवा मले पण लागते.

ही दोरीच्या बाहेर उभी राहिली. आत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण गेली नाही. पहिला बॉल आला, समोरच्या पोट्टीनं दांडकं जोरात फिरवलं, हुकलं, अन् थपकन आवाज झाला. गीतांजलीचे डोळे उघडे होते. दुसरा बॉल, थपकन. फेकणारी अन् झेलणारी, दोघींचं बरोबर जमलं होतं. आम्रपाली त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती. तिच्या आजोबासारखी. बॅटरी चालू होती.

मॅच आपण हरलो, ते सांगायचं राहिलं. पण झेलण्यात नाही हरलो. मारण्यात हरलो. मारणाऱ्यांचे फोटो निघाले.

घरी आलो. मी चहा केला. पोट्टी खुर्चीत बसून प्याली अन् म्हणाली, "आजी, चहा पातळ झाला."

मी कप घेतला, आत गेली, अन् त्याच चहात काही न टाकता परत गरम करून आणला. तिनं घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, अन् आम्ही दोघी हसलो. मग ती रडली थोडी. मग परत हसली. हे सगळं ती आत्ता स्वतःच लिहून राहिली आहे, अन् या ओळीपाशी पेन अडलं नाही.

आज सकाळी स्वतःहून लवकर निघाली. खुर्ची स्कूटरच्या मागच्या सीटवर आडवी बांधून नेली. म्हणे तिथली प्लास्टिकची डुगडुगते. संध्याकाळी येऊन खबर दिली की उत्कर्षानं ढालींवरचं प्लास्टिक काढलं, अन् पहिल्याच बॉलले स्क्रॅच आला, अन् ती सगळ्यांले दाखवत फिरली.

तर कौशल्या, आता तुझं काम. पोट्टीले न्यायले येऊ नको. सीझन ती खेळणार नाही, पण सीझन तिच्याशिवाय चालणारही नाही. तुझ्या शर्तीत हे बसते की नाही ते तू ठरवू नको, मी ठरवलं आहे. वर्ध्यावाल्याले सांग, गुडघा सध्या कामात आहे. ही पानं आता दिवाळीची वाट पाहत ठेवत नाही, उद्याच आम्रपाली फोनवरून फोटो पाठवेल. चष्मा डोक्यावर पाहा.

अन् डिंकाचे लाडू कर. खारीक, खोबरं, तूप हात सोडून टाक. दोन डबे कर, एक इथल्या गुडघ्याले, एक भिलाई-३ च्या गुडघ्यांले, ते आत्तापासून सांभाळावे लागतील. दोन्ही डबे सारखे पाहिजेत, पहिला-दुसरा करू नको. वरून चार वेगळे बांध उत्कर्षासाठी, तिसऱ्या खोलीत आता कोणी तरी राहायले आलं आहे. मेथी घालू नको. हे मी पोट्टीकडून दोनदा लिहून घेते. मेथी घालू नको.